ग्वाल्हेरचा कबुलीजबाब आणि त्रावणकोरचे आकडे

१८ फेब्रुवारी १९४८ या तारखेचा एक कबुलीजबाब आहे. तो लिहून घेतला ग्वाल्हेरचे प्रथम वर्ग दंडाधिकारी आर. बी. अटल यांनी, आणि जागा होती ग्वाल्हेरचा किल्ला. कबुली देणारे डॉक्टर दत्तात्रय सदाशिव परचुरे हे लष्करातले मराठी डॉक्टर, हिंदू महासभेचे स्थानिक पुढारी. गांधीजींच्या खुनाला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते आणि डॉक्टर फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून अटकेत होते. पुढे त्यांनी हा जबाब मागे घेतला, तो दबावाखाली दिला असे सांगितले. एका न्यायालयाने त्याच्या आधारावर त्यांना जन्मठेप दिली, दुसऱ्याने साडेचार महिन्यांच्या आत सोडून दिले.

ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकासाठी एवढे सांगायला हवे की लष्कर हे गावाचे नाव आहे आणि कंपू हा त्यातला मोठा मोहल्ला. शिंद्यांच्या फौजेच्या मुक्कामातून वसलेली ही वस्ती. दौलतराव शिंद्यांपासून इथे मराठी घरे आहेत: सरदार, कारकून, शास्त्री, पुढे मास्तर, वकील, डॉक्टर. बोलणे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. लष्करातून मान वर केली की किल्ला दिसतो. ज्या डॉक्टरांकडे लोक औषधाला जात होते ते त्या किल्ल्यावर पहाऱ्यात आहेत ही बातमी या गल्ल्यांतून कशी फिरली असेल, याचा दस्तऐवज नाही. त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

जे कागद आहेत त्यांची प्रतवारी आधी केलेली बरी. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाचे कामकाज आणि निकालपत्र हे त्या वेळचे आणि शपथेवरचे. सिमल्याला बसलेल्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयाचे निकालपत्र त्याच कागदांवर पुन्हा चालवलेली छाननी. त्या खंडपीठातले एक न्यायमूर्ती गोपाळ दास खोसला यांनी नंतर या खटल्यावर लिहिले. ग्वाल्हेरचे वकील पी. एल. इनामदार परचुऱ्यांच्या बाजूने उभे होते, त्यांचेही पुस्तक आहे, १९७९ सालचे. ही दोन्ही आठवणींची पुस्तके आहेत. त्यांत माणसे दिसतात, दालन दिसते, पण तीस वर्षांनी वकिलाला आपला मुद्दा आठवतो तेवढा समोरच्याचा आठवत नाही. आणि शेवटी कपूर आयोगाचा अहवाल, १९६९ चा. त्याच्याकडे मी पुढे वळतो, कारण या लेखाचा सांधा तिथे आहे.

२७ जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला आले आणि त्याच दिवशी रेल्वेने रात्री ग्वाल्हेरला उतरले. २८ तारखेचा दिवस त्यांनी ग्वाल्हेरात काढला आणि २९ ला ते पुन्हा दिल्लीत होते. इथपर्यंत वाद नव्हता. टांगेवाल्यांच्या साक्षी झाल्या, आणि गोडसेने स्वतःच ग्वाल्हेरला गेल्याचे नाकारले नाही. वाद होता तो परचुऱ्यांच्या घरात काय बोलणे झाले याबद्दल. सरकारी पक्ष म्हणत होता की डॉक्टरांच्या मदतीने, दंडवते नावाच्या माणसामार्फत, इथेच पिस्तूल मिळाले: इटालियन बनावटीचे बेरेटा, क्रमांक ६०६८२४. गोडसे म्हणत होता की आपण दिल्लीत निदर्शने करायला स्वयंसेवक मागायला आलो होतो, डॉक्टरांनी नकार दिला, आणि पिस्तूल नंतर दिल्लीच्या निर्वासित छावणीत विकत घेतले. दंडवते फरार होता. आरोपपत्रात ग्वाल्हेरचे आणखी दोघे फरार दाखवले होते. म्हणजे त्या घरातल्या संभाषणाबद्दल ज्यांना सांगता आले असते त्यांतले काही आरोपीच्या पिंजऱ्यात होते, काही बेपत्ता होते, आणि उरला तो मुख्यतः किल्ल्यावरचा कागद.

खटला २७ मे १९४८ ला लाल किल्ल्यात सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी, २८ मे रोजी, पंडित नेहरूंनी ग्वाल्हेरला मध्य भारत संघाचे उद्घाटन केले, महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि ग्वाल्हेर हे स्वतंत्र संस्थान म्हणून उरले नाही. परचुऱ्यांच्या बचावातला एक मुद्दा नेमका हाच होता: मी ग्वाल्हेर संस्थानचा प्रजाजन, मला इथे आणून चालवण्याचा तुम्हाला अधिकार काय? न्यायाधीश आत्मा चरण यांनी तो मानला नाही. सरकारच्या बाजूने १४९ साक्षीदार तपासले गेले. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. गोडसे आणि आपटे यांना फाशी, करकरे, मदनलाल पाहवा, गोपाळ गोडसे, शंकर किस्तय्या आणि परचुरे यांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. शंकरची शिक्षा कमी व्हावी अशी शिफारस न्यायाधीशांनीच केली होती.

अपील सिमल्याला न्यायमूर्ती भंडारी, अच्छ्रू राम आणि खोसला यांच्यापुढे मे १९४९ मध्ये उभे राहिले. गोडसेने खुनाबद्दलच्या शिक्षेविरुद्ध अपील केलेच नव्हते. कट होता एवढेच त्याला नाकारायचे होते. जूनमध्ये निकाल झाला. पाच जणांच्या शिक्षा कायम झाल्या, परचुरे आणि शंकर सुटले. परचुऱ्यांपुरता प्रश्न असा होता की किल्ल्यावरच्या त्या कागदावर कितपत विसंबायचे. कागदावर सही आहे, दंडाधिकाऱ्याचा शेरा आहे, मजकूर सलग आहे. परंतु तो कुठे घेतला, तेव्हा माणूस किती दिवस कोठडीत होता, त्याच्याभोवती कोण उभे होते, आणि पुढे त्याने तो का नाकारला, हे प्रश्न कागदाच्या मजकुरात सुटत नाहीत. त्या कबुलीजबाबावर शिक्षा टिकली नाही. शंकेचा फायदा आरोपीला, हा जुना नियम लागू झाला.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण निकालाच्या बरेवाईटपणापेक्षा त्यामागची पद्धत जास्त मोलाची आहे. डॉक्टर खरोखर कटात होते किंवा नव्हते, ही एक वस्तुस्थिती. ती कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती. समोर होत्या तिच्या खुणा: एक जबाब, काही साक्षी, एक पिस्तूल. न्यायमूर्तींनी प्रत्येक खुणेला विचारले की तू कशी तयार झालीस, आणि त्यानुसार तिला वजन दिले. परचुऱ्यांचा गुन्हा त्या वजनात बसला नाही.

याच दिवसांत दिल्लीत घटना समितीपुढे फाशीचाच प्रश्न होता. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीस झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली होती: हिंसक राजद्रोह सोडून देहदंड रद्द करावा. ती फेटाळली गेली. मग ३ जून १९४९ ला, म्हणजे सिमल्यात अपील चालू असतानाच, फाशीच्या शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की नाही यावर चर्चा चालली होती. डॉ. आंबेडकर बोलायला उठले आणि म्हणाले की अपिलाच्या तरतुदीपेक्षा देहदंडच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल. हा देश अहिंसेला निदान नैतिक आदेश म्हणून मानतो, तर त्याला हेच शोभेल. कायदामंत्र्याचे हे बोलणे नोंदले गेले, आणि घटनेत त्याला जागा मिळाली नाही. नागपूरला राहणारे रामदास गांधी आणि आफ्रिकेतले मणिलाल गांधी यांनी आपल्या वडिलांच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये म्हणून विनंती केली. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात गोडसे आणि आपटे यांना फाशी झाली.

आता पंधरा वर्षे पुढे. १२ नोव्हेंबर १९६४ ला पुण्यात, सुटून आलेल्या आरोपींच्या सत्काराच्या समारंभात, लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी खुनाचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यावर गदारोळ झाला आणि चौकशी आयोग नेमला गेला. पहिले अध्यक्ष गोपाल स्वरूप पाठक मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये काम आले निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे. आयोगाने मुंबई, दिल्ली, पुणे, नागपूर, धारवाड अशा ठिकाणी बसून १०१ साक्षीदार तपासले आणि ४०७ कागद पाहिले. अहवालात ग्वाल्हेर आणि परचुरे पुन्हा येतात.

हेच कपूर त्या वेळी विधी आयोगाचेही अध्यक्ष होते. १९६२ मध्ये लोकसभेत रघुनाथ सिंह यांनी फाशी रद्द करण्याचा ठराव आणला, तो मागे घेतला गेला, पण प्रश्न विधी आयोगाकडे गेला. सप्टेंबर १९६७ मध्ये आयोगाने पस्तिसावा अहवाल दिला, 'देहदंड' याच विषयावर. म्हणजे एका टेबलावर गांधीखुनाच्या कागदांची चळत आणि दुसऱ्या टेबलावर फाशी ठेवावी की नाही याबद्दलच्या मतांची आणि आकड्यांची, आणि दोन्हींपुढे एकच माणूस. एवढा योगायोग लक्षात घेतल्यावर दोन्हीकडे पुराव्याला लावलेली मापे शेजारी ठेवून पाहण्याचा मोह होतो.

पस्तिसाव्या अहवालाचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. देशाचा विस्तार, लोकांच्या संगोपनातली विविधता, नीती आणि शिक्षण यांच्या पातळीतली तफावत, कायदा-सुव्यवस्थेची निकड: हे सारे पाहता भारताला देहदंड रद्द करण्याचा प्रयोग करण्याचा धोका पत्करता येणार नाही. वाक्य सावध आहे. फाशीमुळे खून कमी होतात हे सिद्ध झाले, असे ते म्हणत नाही. सिद्ध झालेले नाही, म्हणून आहे ते राहू द्या, असे ते म्हणते.

परंतु प्रयोग झालेला होता. त्रावणकोर संस्थानाने ११ नोव्हेंबर १९४४ च्या घोषणेने देहदंड बंद केला होता आणि विलीनीकरणानंतर अखिल भारतीय कायद्याबरोबर तो परत आला. फाशीविरोधी बाजूने एक जोडी वर्षानुवर्षे पुढे केली गेली: १९४५ ते १९५० मध्ये, फाशी नसताना, ९६२ खून, १९५० ते १९५५ मध्ये, फाशी असताना, ९६७. बघा, काहीच फरक नाही. वाक्य टाळ्या घेणारे आहे. म्हणूनच ते किल्ल्यावरच्या जबाबासारखे तपासले पाहिजे.

पहिली गोष्ट, १९५० हे साल दोन्हीकडे दिसते. दुसरी, या दहा वर्षांत ऑक्टोबर १९४६ चा पुन्नप्रा-वायलारचा उठाव आहे, आणि १ जुलै १९४९ ला त्रावणकोर-कोचीन असे नवे राज्य झाले, म्हणजे पोलीस, दप्तर आणि हद्द बदलली. लोकसंख्या वाढत होती, त्यामुळे तेवढेच खून याचा अर्थ दर लाख माणसांमागे थोडे कमी. तिसरी गोष्ट शुद्ध गणिताची. खुनाची संख्या वर्षागणिक आपोआपच वरखाली होते. कायदा, समाज, काहीही न बदलता पाच वर्षांत सरासरी ९६२ खून होत असतील, तरी प्रत्यक्षात नोंदली जाणारी बेरीज तिच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ३१ च्या आसपास, इकडेतिकडे हलू शकते. दोन बेरजांमधल्या फरकाची हालचाल त्याहून मोठी, सुमारे ४४. नेहमीच्या हिशेबाने तिच्या दुप्पट धरली की ८८. म्हणजे पाचाचा फरक प्रत्यक्षात उणे ८३ ते अधिक ९३ यांमधला काहीही असू शकतो. फाशी परत आल्याने खून आठ-नऊ टक्क्यांनी घटले असते किंवा तितकेच वाढले असते, तरी ही जोडी साधारण अशीच दिसू शकली असती. आणि ही शंकेची किमान रुंदी आहे. दंगे, दुष्काळ, पोलिसांची नोंद करण्याची सवय धरली तर ती आणखी वाढते.

संख्याशास्त्रात या अडचणीसाठी जी रीत वापरतात तिला स्टेट स्पेस मॉडेल म्हणतात. कल्पना अशी की समाजात दर वर्षी खुनाची एक खरी पातळी असते आणि ती आपल्याला कधीच दिसत नाही. दिसतो तो ठाण्याच्या वहीतला आकडा. म्हणून समीकरणे दोन मांडायची. पहिले सांगते की यंदाची पातळी गेल्या वर्षीच्या पातळीतून कशी निघते, किती सरकते. दुसरे सांगते की त्या पातळीतून वहीतला आकडा कसा उमटतो आणि त्यात किती धूळ मिसळते. नवा आकडा आला की पातळीचा अंदाज सुधारायचा, पण आकडा जितका विश्वासार्ह तितकाच. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये हे गणित मांडले ते नियंत्रण अभियांत्रिकीसाठी. चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानांची जागा ठरवायला ते वापरले गेले. कायद्यातला बदल पहिल्या समीकरणात एक पायरी म्हणून घालता येतो: अमुक महिन्यापासून पातळी एकदम चढली की उतरली, आणि किती. उत्तर येते ते एका संख्येचे नसते, तिच्याभोवतीच्या पट्ट्यासह येते.

याचा नमुना १९८६ चा आहे. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून मोटारीत पुढे बसणाऱ्यांना सीट बेल्ट सक्तीचा झाला. अँड्र्यू हार्वे आणि जेम्स डर्बिन यांनी जानेवारी १९६९ ते डिसेंबर १९८४ असे १९२ महिन्यांचे अपघाती बळींचे आणि गंभीर जखमींचे आकडे घेतले, पेट्रोलचा भाव आणि मोटारींनी कापलेले अंतर हिशेबात धरले, मागे बसणाऱ्यांचे आकडे तुलनेला ठेवले, आणि चालकांमध्ये सुमारे २३ टक्क्यांची घट दाखवली. १९२ महिने, तुलनेचा एक गट, आणि परिणाम ठसठशीत. त्रावणकोरच्या नावावर वादात फिरतात त्या दोन बेरजा.

अमेरिकेत आकड्यांची टंचाई नव्हती, तरी गत फारशी निराळी झाली नाही. आयझॅक अर्लिक यांनी १९७५ मध्ये १९३३ नंतरच्या राष्ट्रीय आकड्यांवरून लिहिले की एका फाशीमागे सात-आठ खून टळत असावेत. टीकाकारांनी शेवटची काही वर्षे, साठच्या दशकातली, वगळून तेच गणित केले आणि परिणाम विरून गेला. त्या वर्षांत फाशी थांबत होती आणि खून वाढत होते, पण खून वाढायला दुसरीही कारणे होती. डोनोह्यू आणि वुल्फर्स यांनी २००५ मध्ये शेजारचा कॅनडा पाहिला: तिथे १९६२ नंतर कोणाला फाशी दिली गेली नाही, आणि खुनाचा दर अमेरिकेच्या दराबरोबरच चढला-उतरला. दोन्ही देशांखाली काही सामायिक पातळी सरकत होती, तिचे नाव कायदा नव्हते. २०१२ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगून टाकले की तोवरच्या अभ्यासांवरून फाशीने खून घटतात, वाढतात की काहीच होत नाही, यांपैकी कोणताही निष्कर्ष धोरणासाठी वापरू नये.

हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला तो बचन सिंग खटल्यात. ९ मे १९८० चा निकाल, पाच न्यायमूर्ती, अध्यक्षस्थानी पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. बहुमताचे निकालपत्र सरकारिया यांनी लिहिले. फाशीच्या धाकाबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत, मोठा वर्ग तिची गरज मानतो, आणि शिक्षा अवाजवी आहे हे दाखवण्याचा भार अर्जदारांवर. तो त्यांना पेलला नाही. एकटे पी. एन. भगवती वेगळे पडले. ऑगस्ट १९८२ मध्ये दिलेल्या आपल्या विरोधी निकालपत्रात त्यांनी अर्लिक आणि त्यांचे टीकाकार सविस्तर वाचले आणि म्हटले की जीव घेण्याचा अधिकार सांगणाऱ्या सरकारनेच गरज सिद्ध केली पाहिजे.

पस्तिसावा अहवाल आणि हा निकाल यांच्यात तेरा वर्षांचे अंतर, पण शंकेची वाटणी तीच. एका डॉक्टरच्या खटल्यात शंका उरली तेव्हा तिचा फायदा डॉक्टरला मिळाला. सगळ्याच खटल्यांना लागू होणाऱ्या शिक्षेबद्दल शंका उरली तेव्हा तिचा फायदा फाशीच्या दोराला मिळाला. कायद्याच्या भाषेत याला उत्तर आहे, आणि मला ते ठाऊक आहे: खटला आणि धोरण यांचे पुराव्याचे नियम वेगळे असतात, संसदेच्या निवडीत न्यायालयाने सहज हात घालू नये. मान्य. पण ज्या कपूरांच्या आयोगाने खुनाच्या कटाबद्दल १०१ माणसांना प्रश्न विचारले, त्यांच्याच दुसऱ्या आयोगाने प्रयोगाचा धोका मोजताना त्याची रुंदी किती हे सांगितले नाही. आठ टक्के वाढण्याचा धोका आहे, दोन टक्के आहे, की पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच पसरला आहे? 'धोका' या शब्दाने फक्त एकच बाजू दाखवली. विरोधकांचे ९६२ आणि ९६७ हेही दुसऱ्या बाजूने तेवढेच अर्धवट. फरक न दिसणे म्हणजे फरक नसणे असे ते धरून चालले.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह हे मूळ सोलापूरचे. त्यांच्या अध्यक्षतेखाली विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६२ वा अहवाल दिला, आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध सोडून फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो असा पुरावा नाही, हे त्यांनी मांडले. त्याच अहवालाला तीन सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका जोडल्या आहेत. गंमत म्हणजे अपवाद उरला तो लारींनी १९४८ मध्ये ठेवलेल्या अपवादाच्या जवळपास जाणारा.

त्रावणकोरचा हिशेब नव्याने करायचा तर दोन बेरजा बाजूला ठेवून वर्षवार, जमल्यास महिनावार, नोंदी हव्यात. १९४४ च्या आधीची निदान दहा वर्षे आणि १९५० नंतरची दहा. जुन्या त्रावणकोरच्या हद्दीत बसणारे तालुके वेगळे काढून. शेजारचा मद्रास इलाखा, जिथे फाशी कधीच थांबली नाही, तुलनेला. संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल छापील आहेत. पट्टा तरीही रुंद निघेल, कारण लहान संस्थानातले खून मुळातच मोजके. मग निदान 'फरक नाही' आणि 'धोका आहे' या दोन्ही वाक्यांपुढे किती, हा प्रश्न आकड्यात विचारता येईल.